जंगलातल्या कॅमेऱ्यात सापडलेली माणसं

2022च्या व्याघ्रगणनेत देशभरात 32,588 ठिकाणी समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, म्हणजे कॅमेरा ट्रॅप, लावले गेले आणि त्यांनी 4 कोटी 70 लाखांहून अधिक फोटो टिपले. त्यातले 97,399 फोटो वाघांचे होते. अंगावरचे पट्टे ताडून त्यांतून 3,080 वेगवेगळे वाघ ओळखले गेले आणि देशात सरासरी 3,682 वाघ असल्याचा अंदाज जाहीर झाला. महाराष्ट्राच्या वाट्याला 444 आले. 2014 साली हाच आकडा 190 होता.

इतक्या बारकाईने मांडलेल्या हिशोबात एका गोष्टीची चर्चा होत नाही, ती म्हणजे त्याच कॅमेऱ्यांत आलेल्या माणसांची. मोळी घेऊन चाललेली बाई, ढोरांमागचा गुराखी, मोहफुलं वेचणारी म्हातारी, सायकलवरून शाळेला निघालेली पोरं. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून संगणकाला लावलं की वाघाच्या आधी हीच मंडळी दिसतात. त्या फोटोंचं पुढे काय होतं? विदर्भातल्या ज्या गावांत मी हे विचारलं, तिथे कुणालाही उत्तर देता आलं नाही. नियम असतील तर ते खात्याच्या फायलीत असतील, गावापर्यंत पोहोचलेले नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात आलेला माणसाचा फोटो ही वनखात्याची मालमत्ता नव्हे. तो ठेवायचा की पुसायचा, कुणी पाहायचा, याचा लेखी नियम हवा आणि तो गावाला माहीत हवा. कॅमेरा कुठे बांधायचा हे ठरवताना त्या वाटेने रोज जाणाऱ्या बायकांना आधी विचारलं पाहिजे.

हे मी कॅमेऱ्याचा विरोधक म्हणून लिहीत नाही. स्वयंसेवक म्हणून कॅमेरे बांधायच्या कामाला मी गेलो आहे आणि भारतातल्या वन्यजीवांसाठी या छोट्या पेटीइतकं काम फार थोड्या गोष्टींनी केलं आहे, असं मला वाटतं. ती येण्याआधी काय होतं ते आठवून पाहा. पाणवठ्यावरचे, धुळीतले ठसे काचेवर गिरवून वाघ मोजले जायचे. एकाच वाघाचा ठसा मऊ मातीत वेगळा आणि कडक जमिनीवर वेगळा उमटतो, शिवाय आपल्या बीटातला, म्हणजे आपल्याकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यातला, वाघ कमी झाला असं लिहून देण्याची कुणाची इच्छा नसायची. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ नांदत होते आणि 2004-05 मध्ये शोधायला गेले तर एकही उरला नव्हता. त्या धक्क्यानंतर व्याघ्र कृती दल नेमलं गेलं आणि 2006पासून दर चार वर्षांनी नव्या पद्धतीने मोजणी सुरू झाली. वन्यजीवशास्त्रज्ञ के. उल्लास कारंथ यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरा ट्रॅप वापरून ही वाट आधीच दाखवून दिली होती. कॅमेऱ्याने खोट्या आकड्यांना चाप लावला. संघर्षाच्या भागात नेमका कुठला वाघ माणसांवर येतो आहे, हेही कॅमेऱ्यामुळेच कळतं आणि दुसऱ्या एखाद्या निरपराध वाघाला पिंजरा किंवा गोळी चुकते.

पण कॅमेरा बांधतात कुठे, ते नीट समजून घेतलं तरच पुढचा मुद्दा कळेल. नकाशावर दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडलेले असतात. प्रत्येक चौकोनात वाघ हमखास जाईल अशी जागा शोधायची. वाघाला काट्याकुट्यांतून चालायचा सोस नसतो. तळपाय मऊ असतात, तो मोकळी वाट धरतो. बैलगाडीची चाकोरी, नाल्याचं कोरडं पात्र, दोन पायवाटा मिळतात तो तिठा. तिथे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधायचे, कारण वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्या अंगावर नसतात आणि ओळख पटवायला दोन्ही कुशी लागतात. एखाद्या सागाच्या किंवा ऐनाच्या बुंध्याला, गुडघ्याच्या उंचीवर पट्टा आवळायचा, चोरी होऊ नये म्हणून साखळी आणि कुलूप घालायचं. समोरचं गवत आणि लोंबणाऱ्या फांद्या कापायच्या, नाहीतर उन्हात तापलेलं पान हललं तरी फोटो निघत राहतो. मग कुणीतरी हातापायांवर रांगत कॅमेऱ्यासमोरून जायचं, दिवा लुकलुकला की उंची बरोबर आहे असं समजायचं. पंचवीस-तीस दिवस ती पेटी तिथेच, रात्रंदिवस जागी.

आता हीच वाट गावाच्या बाजूने बघा. गावची वाट आणि वाघाची वाट वेगळी नसते. ताडोब्याच्या बफरमध्ये, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, ब्रह्मपुरीच्या जंगलात, नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेला मार्च-एप्रिलमध्ये मोह गळायला लागला की बायका पहाटे झुंजुमुंजु व्हायच्या आत झाडाखाली पोहोचतात. उन्हं चढायच्या आत फुलं वेचायची असतात, उशीर झाला तर हरणं आणि ढोरं खाऊन जातात. मे महिन्यात तेंदूपत्ता. तो हंगाम दोन-तीन आठवड्यांचा, पण त्यातून येणाऱ्या पैशांवर घरातली कितीतरी कामं अडलेली असतात. सरपण तर बारमाही. गुडघ्याच्या उंचीवरच्या कॅमेऱ्यासमोर सगळ्यात स्पष्ट कोण येतं? वाकलेली, बसलेली बाई. दिवसा फ्लॅशची गरज नसते, त्यामुळे फोटो निघाल्याचं तिला कळतसुद्धा नाही. आणि जंगलात बाई फक्त कामच करते असं नाही. ती आडोशाला जाते, लुगडं सोडून पुन्हा नेसते, दोन मैत्रिणी बसून सासरचं रडगाणं गातात, एखादी तंबाखू मळते, एखादी उगाच पाय पसरून झाडाला टेकते. घरात ज्या बाईला पाय पसरायची सोय नसते, तिच्यासाठी हे सगळं किती मोलाचं आहे हे वेगळं सांगायला नको.

उत्तराखंडमधल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात काय घडलं ते आता सर्वांसमोर आहे. केंब्रिज विद्यापीठातले संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी तिथे चौदा महिने राहून सुमारे 270 लोकांशी बोलून केलेला अभ्यास नोव्हेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. 2017 मध्ये जंगलात शौचाला बसलेल्या एका तरुणीचा फोटो वन्यजीवांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात आला आणि तो स्थानिक व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक गटांवर फिरवला गेला. पसरवणारे होते वनखात्यात हंगामी कामावर घेतलेले तरुण. गावकऱ्यांनी सापडतील तेवढे कॅमेरे फोडले. माझ्या मते ती तोडफोड हे त्या गावाने दिलेलं एकमेव शक्य असलेलं निवेदन होतं. दाद मागायची कुणाकडे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या अभ्यासातली मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच आहे. तिथल्या बायका जंगलात एकमेकींना हाका मारत, मोठ्याने बोलत, गाणी म्हणत फिरायच्या. हा आवाज त्यांचं संरक्षण होता. वाघ आणि हत्ती माणसांचा कालवा ऐकून बाजूला होतात. कॅमेरे आले तशा बायका गप्प झाल्या. आपण कुणाच्या तरी नजरेत आहोत म्हणून हळू बोलू लागल्या, काहीजणी ओळखीची वाट सोडून कॅमेरा नसलेल्या आतल्या जंगलात जाऊ लागल्या. ज्या बायकांशी हे बोलणं झालं होतं, त्यांतली एक पुढे वाघाच्या हल्ल्यात गेली. तिच्या मृत्यूचं खापर एका पेटीवर फोडता येणार नाही. पण जंगलात गप्प राहणं म्हणजे काय, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन बायका तेंदूपत्ता तोडताना एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. अशा मुलखात बायकांनी चालताना दबकावं असं वाटायला लावणारी कुठलीही गोष्ट साधी नसते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. जंगल सरकारचं, तिथे जायलाच नको होतं, गेलात तर फोटो येणारच. गाभा क्षेत्राबद्दल हे काही प्रमाणात खरं आहे, तिथे परवानगीशिवाय शिरणं गुन्हाच आहे. पण व्याघ्रगणना गाभ्यापुरती होत नाही. बफर, प्रादेशिक वनविभाग, वनविकास महामंडळाचं जंगल, सगळीकडे कॅमेरे लागतात आणि तिथल्या लोकांचा जंगलात जाण्याचा हक्क कुणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, म्हणजे मोहफुलं, तेंदूपत्ता अशा गोष्टी, गोळा करण्याचा आणि त्याच्या मालकीचा हक्क दिला आहे, सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकारही दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर असा सामूहिक हक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो गावांना. जिथे ग्रामसभाच जंगलाची राखणदार आहे, तिथे ग्रामसभेला न विचारता झाडाला कॅमेरा बांधणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात कुलूप लावून जाणं आहे.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. शिकाऱ्यांचं काय? कॅमेऱ्यात बंदूक घेतलेला माणूस आला तर तो फोटोही पुसायचा का? माझं उत्तर: नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, त्याखाली गुन्हा दिसत असेल तर तो फोटो पुरावा म्हणून जपावा, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने तारीख-वेळेसह नोंद करून सीलबंद करावा. पण शिकाऱ्याचं नाव पुढे करून मोळीवाल्या बाईचे शेकडो फोटो कार्डात ठेवून द्यायचे, हे पटण्यासारखं नाही.

शिवाय शिकार खरी कशी होते हेही बघितलं पाहिजे. बंदुकीचा काळ बऱ्याच भागात मागे पडला आहे. आज मोटारसायकलच्या क्लचची तार पुरते. तिचा फास करून रानडुकराच्या वाटेवर, कुंपणाच्या फटीत, नाल्याच्या काठावर लावला जातो. लावला असतो डुकरासाठी किंवा चितळासाठी, पण त्यात बिबट्या अडकतो, अस्वल अडकतं, वाघही अडकतो. कमरेला किंवा मानेला आवळलेली तार सुटण्याच्या धडपडीत आणखी रुतत जाते. मी असा काढून आणलेला एक फास हातात घेऊन पाहिला आहे. बोटभर जाडीसुद्धा नाही, एका टोकाला खुंटीची गाठ आणि तारेच्या पिळात अडकलेले आखूड राठ केस. विजेच्या तारेवर आकडा टाकून शेताभोवती सोडलेला प्रवाह हे दुसरं मोठं कारण. यातलं काहीही कॅमेऱ्याला दिसत नाही. फास लावणारा कॅमेरा कुठे आहे हे दोन दिवसांत हेरतो आणि वळसा घालतो. फास सापडतो तो पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला, किंवा गुराख्याला, किंवा सरपणाला गेलेल्या बाईला. तिने घरी येऊन सांगितलं तर जनावर वाचतं. जिला आपला फोटो साहेबाच्या मोबाइलवर असेल अशी भीती वाटते, ती सांगायला कशाला जाईल? संरक्षणाच्या निखळ व्यवहाराने पाहिलं तरी गावाचा विश्वास गमावून मिळवलेले फोटो महाग पडतात.

वनरक्षकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचा माझा हेतू नाही. 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोब्यात व्याघ्रगणनेच्याच कामासाठी पायी चालताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ही माणसं तुटपुंज्या साधनांनिशी काय काम करतात ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणूनच त्यांच्या हातात स्पष्ट नियम द्यायला हवा. नियम नसला की सगळा भार एकेका माणसाच्या सभ्यतेवर पडतो, आणि एखादा हंगामी मजूर चुकला तर बदनामी सगळ्या खात्याची होते.

कायदा इथे अगदीच मुका नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. खासगी कृत्यात असलेल्या बाईचं चित्र टिपणं आणि पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे, पण त्यात सरकारी यंत्रणांना आणि संशोधन-सांख्यिकीच्या कामाला सवलतीच्या वाटा ठेवल्या आहेत, त्यामुळे मोहफुलं वेचणाऱ्या बाईने त्याच्या भरवशावर राहू नये. तिला उपयोग होईल तो वनखात्याच्या एखाद्या साध्या परिपत्रकाचा.

त्यात काय असावं? तांत्रिक अडचण जवळजवळ नाहीच. फोटोतला प्राणी, माणूस आणि वाहन वेगळं करणारी संगणक प्रणाली आज मोफत मिळते, आणि आपल्या गणनेतही फोटो प्रजातीनुसार संगणकच वेगळे करतो. म्हणजे माणसाचा फोटो कुणीही डोळ्यांनी पाहण्याआधी बाजूला काढता येतो. गुन्ह्याचा संशय नसेल तर ठरलेल्या दिवसांत तो पुसावा, आणि बाजूला पडलेले फोटो तपासायची वेळ आलीच तर ते महिला कर्मचाऱ्याने तपासावेत. वनरक्षकांत आज पुष्कळ मुली आहेत, ही अडचण राहिलेली नाही. कार्डातला कुठलाही फोटो कुणाच्याही खासगी मोबाइलवर जाऊ नये, वाघाचासुद्धा नाही, कारण जागेच्या खुणेसकट फिरलेला वाघाचा फोटो शिकाऱ्याला आयता पत्ता देतो. कॅमेरे लावण्याआधी गावात दवंडी द्यावी, मराठीत, आणि जिथे गोंडी किंवा कोरकू बोलतात तिथे त्या भाषेत. कुठे बांधणार हे झाडानिशी सांगायची गरज नाही, पण कुठे बांधणार नाही हे सांगावं. बायका जिथे बाहेर जातात, आंघोळ करतात, फुलं वेचायला बसतात, त्या जागा त्यांनाच विचारून वगळाव्यात. एखादा कॅमेरा त्यामुळे दोनशे मीटर सरकला तर गणनेचं काही बिघडत नाही. वाघ त्याच वाटेने पुढेही जाणारच असतो.

आणि फोटो गावाला दाखवावेत. ही गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात कमी केली जाते. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या शेतांच्या आणि वस्त्यांच्या मुलखात कॅमेरे लावले होते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले, आणि तेवढेच तरसही. जंगल म्हणावं असं काही नसलेल्या भागात, लोकांच्या गोठ्यामागून हे प्राणी रोज जात होते. बिबट्या आणि माणूस शेजारी कसे राहतात याची समज महाराष्ट्रात वाढली, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे. आपल्या शेताच्या बांधावरून रात्री दोन वाजता बिबटीण पिल्लांना घेऊन गेली हा फोटो शेतकऱ्याने स्वतः पाहिला, तर रात्री पाणी द्यायला जाताना तो काय काळजी घेईल हे त्याचं तोच ठरवतो. तेच माहितीचं कार्ड कार्यालयाच्या कपाटात राहिलं तर त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

हा विषय आताच ऐरणीवर आणायचं आणखी एक कारण आहे. कॅमेरा जंगलातून गावाकडे निघाला आहे. ताडोब्याच्या बफरमध्ये वाघ दिसताच मोबाइलवर इशारा देणारे कॅमेरे लागले आहेत, जुन्नरच्या ऊस पट्ट्यात बिबट्यासाठी तसेच प्रयोग चालू आहेत. जीव वाचवणारी गोष्ट आहे, तिचं स्वागतच. पण हा कॅमेरा गावाच्या वेशीवर असतो आणि फोटो त्याच क्षणी दुसरीकडे पाठवतो. शिवाय काही हजार रुपयांत कुणीही असा कॅमेरा ऑनलाइन मागवू शकतो. अभयारण्यात छायाचित्रणाला परवानगी लागते, बाहेरच्या झाडाला कुणी काय बांधलं ते विचारणारं कुणी नाही. सरकारी कॅमेऱ्यांसाठी चांगला नियम झाला तर निदान खासगी कॅमेरेवाल्यांना धरायला काही आधार राहील.

गणनेचं चक्र चार वर्षांचं आहे आणि प्रत्येक फेरीचे कॅमेरे याच वाटांवर लागतात. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वनरक्षक एक नोंद भरतो: चौकोनाचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, लावल्याची तारीख, वाटेचा प्रकार. महाराष्ट्राच्या वनखात्याने त्यात आपल्यापुरता आणखी एक रकाना घालावा. या जागेबद्दल गावातल्या बायकांना विचारलं का, कधी विचारलं, आणि त्या काय म्हणाल्या.